व्यवसाय: शेती

मागं आवाज पोचतोय ना? बरं. आप्पा, म्हणजे माझे वडील, आज आलेले नाहीत, गावाकडं लावणी चालू आहे आणि लावणी सोडून ते कुठंच जात नाहीत, आधीही जात नव्हते, तिथूनच सुरुवात करतो.

मी पाचवीला असताना शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय असा रकाना होता, मी लिहिलं माथाडी कामगार. तेव्हा आप्पा गावी आलेले होते. त्यांनी ते खोडलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, शेती. बरं, माणूस वर्षातले दहा महिने मुंबईत मस्जिद बंदरला पोती उचलतोय, बिल्ला माथाडीचा आहे, आणि लिहितोय शेती! मला तेव्हा ते खोटं वाटलं होतं.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, त्यात आमच्याही घराच्या भिंती बसल्या. आप्पा तेव्हा चौदा वर्षांचे. जमीन होती पण डोंगरउताराची, पाऊस बक्कळ, वाफ्यात भात आणि वर नाचणी-वरी, घरात खाणारी अकरा तोंडं, भागायचं नाही. मग 1971 ला चुलत्यांच्या मागं एसटीत बसले. उतरले ते गावकीच्या खोलीत, तिथं पंधरा-वीस माणसं, सगळी आपल्याच खोऱ्यातली, झोपायचं पाळीपाळीनं.

आता काम काय ते नीट सांगतो, कारण हमाली म्हटलं की लोक पुढचं ऐकत नाहीत. तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. डोक्यावर गोणपाटाची घडी, हातात हूक, ट्रकवरून दोघं जण पोतं मानेवर सोडणार आणि तुम्ही फळीवरून चालत वखारीत जाऊन थप्पी लावणार. आप्पा सांगतात, गर्दीच्या दिवशी एकेकाच्या वाट्याला साठ पोती यायची. हिशोब करा, सहा टन होतात, एका मानेवरून. त्यांची मान आजही डावीकडं पूर्ण वळत नाही, हाक मारली की अख्खं अंग वळवून बघतात.

पण ते आले तेव्हा कायदा झालेला होता, हे त्यांचं नशीब. अण्णासाहेब पाटील आपल्याच तालुक्यातले, स्वतः ओझी वाहिलेला माणूस, त्यांनी माथाडींना एकत्र केलं, लढले, आणि 1969 साली माथाडी कायदा आला. त्याच्या आधी मुकादम देईल ती मजुरी, आणि पडलात तर घरी जा. कायद्यानंतर टोळीची नोंदणी झाली, माल चढवा-उतरवायची मजुरी, म्हणजे वाराई, मालकानं माथाडी मंडळाकडं भरायची आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम, द्यायची, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. मला वाटतं आमच्या खोऱ्यातली निम्मी घरं त्या लेव्हीवर उभी आहेत, आणि आज पोरांना तो शब्दसुद्धा माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मनिऑर्डर यायची. त्या फॉर्मवर खाली संदेशाला एवढीशी जागा असायची ना, त्यात आप्पा काय लिहायचे? बांध फुटला का. पांढरी गाय व्याली का. युरिया आणला का. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. आईला वाचता यायचं नाही, पोस्टमन वाचून दाखवायचे, आणि आई त्यांच्यासमोरच उत्तर देत बसायची, जणू आप्पा ओट्यावर बसलेत. शेती खरी तिनंच केली, हे मी इथं मुद्दाम सांगतोय. तरवा टाकणं, चिखलणीला बैल सांगून आणणं, कापणी, सगळं तिच्याच अंगावर. बियाणं-खताचे पैसे तेवढे आप्पांच्या मानेवरून यायचे.

आणि लावणीला ते यायचेच. ती काही पगारी सुट्टी नव्हती, खाडा होता, काम नाही तर मजुरी नाही, टोळीतले बाकीचे त्या दिवसांत कमवायचे आणि हे इथं गुडघाभर चिखलात. एकदा मी विचारलं, एवढं नुकसान करून कशाला येता, चार बायका लावा की मजुरीनं. म्हणाले, "आरं, मी तिकडं ज्याच्यासाठी उचलतोय ते बघायला नको व्हय?" तेव्हा मला फॉर्मवरचं ते खोडणं कळलं.

1990 नंतर दाणाबंदरचा, म्हणजे मस्जिद बंदरकडचा धान्याचा, बाजार वाशीला गेला, आप्पाही गेले, पुढं पोती पन्नास किलोची झाली पण तोवर मान गेलेली होती. साठाव्या वर्षी रिटायर होऊन कायमचे गावी आले.

त्या साली भात चांगलं झालं. मळणी करून टेंपोनं पोती दारात आली आणि भावकीतली तीन पोरं उतरवायला लागली. आप्पा ओट्यावरून सांगत होते, कमरेतनं वाकू नगा, गुडघ्यात बसा, मग उचला. पोती आत लागली, पोरं हातपाय धुवून चहाला बसली, तर आप्पांनी खिशातून पैसे काढून माझ्या हातात दिले, तिघांना सारखे वाट म्हणाले. पोरं घेईनात, घरचंच काम आहे आप्पा, पैसे कसले.

आप्पा उठून उभे राहिले. "वाराई हाय ती," म्हणाले, "घ्यायची असते."