बास कुठून येतोय?

(पडदा काळा. फक्त आवाज: ड्रम्सचा ठेका, मागोमाग ऑर्गन.)

हा बास ऐका, म्हणजे तळाचा खर्जातला सूर. जाड, गोल, रमतगमत चाललेला. कोण वाजवतंय?

‘ब्लॅक टॉक!’ या जाझ अल्बमवरची नावं बघू. ट्रम्पेट, व्हर्जिल जोन्स. टेनर सॅक्सोफोन, ह्यूस्टन पर्सन. गिटारवर मेल्विन स्पार्क्स, ड्रम्सवर इद्रिस मुहम्मद, काँगावर बडी काल्डवेल. बासवाल्याचं नावच नाही.

कारण बास ऑर्गनवालाच वाजवतोय. चार्ल्स अर्लंड. डावा हात आणि पाय बासला जुंपलेले, बाकी सगळा संसार उजव्या हातावर.

१५ डिसेंबर १९६९. न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्समध्ये रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ‘ब्लॅक टॉक!’ ध्वनिमुद्रित झाला. १९७० मध्ये प्रेस्टिज या रेकॉर्ड कंपनीनं तो बाजारात आणला.

(हॅमंड ऑर्गनचं पोट उघडलेलं.)

ऑर्गन म्हटल्यावर आपल्याला संगीत नाटकातला आठवतो, पायानं भाता मारायचा. अर्लंडच्या या हॅमंड बी-थ्री ऑर्गनमध्ये हवेचं कामच नाही. आत ९१ दातेरी चाकं मोटरवर फिरतात, प्रत्येकाजवळ एक चुंबक. सूर निघतो तो तिथून. पायाखाली २५ पट्ट्या. आणि आवाज बाहेर पडतो लेस्ली नावाच्या लाकडी खोक्यातून, ज्यात भोंगाच गरगर फिरतो. तो थरार त्या फिरण्याचा. पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चनी हे यंत्र घेतलं, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत ते चर्चमधून बारपर्यंत पोचलं.

अर्लंड फिलाडेल्फियाचा, ऑर्गनवाल्यांची खाणच ती. पण त्याची सुरुवात सॅक्सोफोननं झाली. सतराव्या वर्षी तो जिमी मग्रिफकडे टेनर वाजवत होता, आणि मग्रिफ स्वतः ऑर्गनवाला! मला तरी अर्लंडच्या उजव्या हातात तो जुना सॅक्सोफोन अजून ऐकू येतो.

‘ब्लॅक टॉक’ या पहिल्याच रचनेत बीटल्सचं ‘एलेनॉर रिग्बी’ डोकावल्यासारखं वाटलं, तर तुमचा कान शाबूत आहे. खरी मौज मात्र ‘मोअर टुडे दॅन यस्टरडे’ची. मूळ १९६९चं चटपटीत पॉप गाणं. अर्लंड ते ११ मिनिटं खेळवतो. ट्रम्पेट येतो, सॅक्सोफोन येतो, आपापलं बोलून जातो. खाली बास चालतच राहतो.

हेडफोन असतील तर लावा. उजव्या हाताकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा.

(संगीत मोठं होतं. पडद्यावर फक्त पायपट्ट्या.)