रूमी मस्तगीचं गाव

नमस्कार श्रोतेहो! आज गप्पा मारायच्यात त्या एका गावाबद्दल, पण सुरुवात करायला लागेल आमच्या दुकानापासून. माझ्या आजोबांचं काष्ठौषधीचं दुकान होतं, आता काका बघतो. भिंतभर बरण्या, ज्येष्ठमध, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, आणि सगळ्यात वरच्या फळीवर, आम्हा पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी, रूमी मस्तगी. साबुदाण्याएवढे पिवळट दाणे, काही जरा मोठे, उजेडात धरले की आरपार दिसायचं. आजोबा ती छोट्या तराजूवर तोलायचे आणि भाव ऐकला की गिऱ्हाईक म्हणायचं, अहो एवढ्याशा डिंकाला एवढे पैसे? आजोबांचं उत्तर ठरलेलं, "लांबून येते हो ती." किती लांबून ते विचारलं की "रूम देशातून". संपलं.

तर हा रूम देश मला सापडला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. रूम म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य, आताचं तुर्कस्तान-ग्रीस वगैरे सगळा तो पट्टा, आणि आपली मस्तगी येते त्यातल्या एका ग्रीक बेटावरून, त्याचं नाव हिओस. नकाशावर ते ग्रीसपेक्षा तुर्कस्तानला चिकटल्यासारखं दिसतं, मधला समुद्र जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे जेमतेम सात-आठ किलोमीटर, रात्री पलीकडचे दिवे दिसतात. मी मात्र अथेन्सकडून गेले, पिरेअस बंदरातून फेरी घेतली की रात्रभर प्रवास. नोकरी सोडली होती, पुढची मिळायची होती, म्हटलं दीड महिना जाऊन राहावं. घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झालाय, डिंक बघायला कोण एवढं जातं?

बेटाच्या दक्षिणेला चोवीस गावं आहेत, त्यांना मस्तगीचीच गावं म्हणतात, त्यातलं पिर्गी मी निवडलं. एका म्हाताऱ्या बाईंच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली होती. आजीला तिकडे याया म्हणतात, सगळी गल्ली त्यांना याया म्हणायची म्हणून मीही. वय ब्याऐंशी, इंग्रजी शून्य, माझं ग्रीक फोनवरच्या ॲपपुरतं.

पहिल्या दिवशी बसमधून उतरले आणि भिंतींकडे बघतच राहिले. अख्खं गाव काळ्या-पांढऱ्या नक्षीने भरलेलं, त्रिकोण, चौकडी, वर्तुळं, बाल्कनीच्या खालच्या अंगालासुद्धा! मला आधी वाटलं रंग दिलाय, पण रंग नाहीये तो. भिंतीला चुना आणि काळसर वाळूचा गिलावा करतात, त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात, आणि तो ओला आहे तोवर नक्षी आखून ठरलेला भाग काट्यासारख्या हत्याराने खरवडून काढायचा, की खालचा काळा थर वर येतो. त्याला क्सिस्ता म्हणतात, म्हणजे खरवडलेलं. गोव्यात आणि तळकोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचं काम बघितलंय का कुणी? तांबडी काव आणि पांढरा चुना, एक खरवडायचा आणि दुसरा दाखवायचा. अगदी तीच अक्कल, फक्त इथे काळा नि तिथे तांबडा. कोण कुणाकडून शिकलं वगैरे भानगडीत मी पडत नाही, चुना नि खरवडणी दोन्हीकडे होती एवढं खरं.

गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दारात शिरायचं, वर मध्ये मध्ये कमानी, दोन घरांना एकमेकांच्या आधाराने उभं ठेवणाऱ्या, भूकंपाचा मुलूख ना. ही गावं अशी दाटीवाटीने बांधली ती इटलीतल्या जिनोआ शहराच्या लोकांनी, १३४६ पासून १५६६ पर्यंत बेट त्यांच्या ताब्यात होतं, धंदा सगळा मस्तगीचा, आणि समुद्रावर चाचे. म्हणून बाहेरच्या घरांच्या पाठी हीच तटबंदी, बाहेरच्या अंगाला खिडकी नाही. शेजारच्या मेस्ता गावात तर मी तीन वेळा हरवले, तिसऱ्या वेळी ज्या मांजरापाशी निघाले होते त्याच मांजरापाशी परत आले.

आता जेवणाचं सांगते. मी शाकाहारी, घाबरतच गेले होते, पण पोचले दहा ऑगस्टला आणि नशीब असं की त्यांचा उपास चालू! एक ते चौदा ऑगस्ट, पंधराला मेरीमातेचा मोठा सण, त्याआधी भाविक लोक मांस-मच्छी, अंडं, दूध, चीज काही खात नाहीत. म्हणजे आपल्याकडे श्रावण आणि तिकडेही श्रावणच! भात भरलेले टोमॅटो, भेंडीची भाजी, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, त्यावर कच्चा कांदा. मी आनंदात, तर चौथ्या दिवशी यायांनी ताटात ऑक्टोपस आणून ठेवला. मी ॲपवर लिहिलं, उपास ना? त्यांनी समजावलं की ऑक्टोपसला रक्त नसतं, म्हणून चालतो. हसू नका, आपण साबुदाणा नि बटाटा उपासाला चालवून घेतलाय, आपल्याला बोलायला तोंड नाही.

त्यातच एक घोळ. ग्रीकमध्ये हो म्हणायला "ने" म्हणतात. आणि मी आपली सवयीने, त्या वाढायला लागल्या की दोन्ही हात ताटावर धरून "नै, नै, नै!" त्यांना ऐकू यायचं हो, हो, हो. तीन दिवस मी फुटेस्तोवर जेवले. शेवटी त्यांच्या नातवाने उलगडा केला, तोपर्यंत गल्लीभर बातमी की भारतातली बाई चांगली खाणारी आहे. मग मला नाही म्हणायची युक्ती कळली, हनुवटी वर करायची नि जिभेने च्च करायचं. आपल्याकडे पोरं करतात ना, अभ्यास झाला का, च्च. तेच!

पंधरा ऑगस्टला चौकात नाच होता. त्यांचा स्वतःचा नाच आहे, पिरगूसिकोस, गावाच्या नावावरूनच. मला वाटलं होतं टुरिस्टांसाठी असेल थोडंफार, पण अथेन्सला गेलेली पोरंबाळं, परदेशात गेलेले, सगळे त्या दिवशी गावी येतात, गणपतीला कोकणात येतात तसे. रात्री दीडला मी झोपायला गेले तेव्हा म्हातारे लोक नुकतेच उठून नाचायला लागले होते. अजून एक सण त्यांनी नुसता सांगितला, तो मला बघायला मिळाला नाही, मेस्ता आणि ओलिंपी गावात लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपास सुरू होतात त्या सोमवारी एक माणूस तुर्की आगा, म्हणजे अंमलदार बनून चौकात बसतो, आल्यागेल्याला पकडून काहीतरी विचित्र गुन्हे लावतो, दंड करतो. आपल्याकडे शिमग्याला सोंगं निघतात त्याच सुमाराला येतो तो. तुर्कांचं राज्य १५६६ ते १९१२, साडेतीनशे वर्षं, त्याची नक्कल हे लोक अजून हसत हसत करतात.

हसत हसत म्हटलं खरं, पण १८२२ ला याच बेटावर तुर्की फौजेने भयंकर कत्तल केली, हजारो मारले, हजारो गुलाम म्हणून विकले. मस्तगीच्या गावांवर सुरुवातीला हात टाकला नाही असं सांगतात, कारण सुलतानाच्या जनान्यात मस्तगी चघळायला लागायची. याया हे सांगताना भेंडीची देठं काढत होत्या, हात थांबले नाहीत.

बरं, आता मूळ डिंकाकडे येऊ.

झाड बघून माझी निराशाच झाली. खांद्याएवढं, वाकडंतिकडं, जमिनीलगत पसरलेलं. याच जातीची झुडपं भूमध्य समुद्राभोवती सगळीकडे उगवतात, पण बाजारात येणारी मस्तगी जवळजवळ सगळी या दक्षिणेच्या गावांची. उन्हाळ्यात आधी झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात, त्यावर पांढरी माती, चुनखडीची भुकटी म्हणा, चाळून पसरतात, अगदी रांगोळीसारखी. मग जुलैच्या मध्यापासून खोडाला टोकदार हत्याराने बारीक बारीक चिरा. या कामाला ते केंदिमा म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ भरतकाम! त्या चिरांतून चीक पाझरतो, खाली पांढऱ्या मातीवर टपकतो, पंधरा-वीस दिवसांत सुकून दाणा होतो. त्या दाण्यांना अश्रू म्हणतात. संत इसिडोरला रोमनांनी हालहाल करून मारलं तेव्हा ही झाडं रडली अशी तिथली कथा.

चिरा द्यायला मला कुणी हात लावू दिला नाही, बरोबरच आहे, खोल गेली तर झाड दुखावतं आणि झाड उभं करायला पाच-सहा वर्षं जातात. २०१२ च्या ऑगस्टमध्ये वणवा लागून ढीगभर झाडं जळाली, यायांच्या दिराची सगळी बाग गेली. मला मिळालं वेचायचं काम. पहाटे साडेपाचला निघायचं, कारण ऊन चढलं की दाणे मऊ पडून चिकटतात. झाडाखाली अक्षरशः लोळत जायचं, पाठीला फांद्या, केसात चीक, आणि एकेक दाणा उचलायचा. दोन तासांत माझी वाटी भरली नाही. एका झाडाला अख्ख्या वर्षात शे-दोनशे ग्रॅम मिळाली तरी चांगलं म्हणायचं! आमच्या दुकानात काका वैतागून म्हणायचा ना, इतकी महाग की विकायला लाज वाटते, तो आठवला मला तिथे लोळताना, म्हटलं याला एकदा आणून झाडाखाली घालायला पाहिजे.

पण खरी गंमत त्याच्या पुढची आहे. वेचलेल्या मालात पानं, माती, काड्या. तो चाळायचा, थंड पाण्यात साबण घालून धुवायचा, घरात पसरून वाळवायचा, आणि मग बायका बसतात निवडायला. सप्टेंबरच्या शेवटी पहिला माल आला आणि यायांच्या दारात चार बायका, मांडीवर ताट, हातात छोटी सुरी, सुरीच्या टोकाने एकेका दाण्याला चिकटलेला कण काढायचा, दाणा फुटता कामा नये. डोक्यावर बाल्कनीला छोट्या टोमॅटोंच्या माळा टांगलेल्या, हिवाळ्यासाठी, आपल्याकडे लसणाच्या असतात तशा. आणि तोंडं अखंड चालू. भाषा मला कळत नव्हती पण कुणाच्या सुनेबद्दल चाललंय ते कळत होतं. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या माझ्या आज्या-मावश्या उचलून तिथे ठेवल्या असत्या तर अर्ध्या तासात रमल्या असत्या.

मी पण बसले. तासाभराने मोठ्या अभिमानाने माझं ताट यायांपुढे सरकवलं. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, बोटाने दाणे फिरवले, काही बोलल्या नाहीत, आणि निम्मे दाणे परत न निवडलेल्या ढिगात टाकून दिले. च्च.

या कामाची आणि झाडाच्या मशागतीची युनेस्कोने २०१४ ला वारसा म्हणून नोंद केली, शेतकऱ्यांची संघटना तर १९३८ पासून आहे, माल तिथेच जमा होतो, म्हणून भाव टिकून राहतो. हे सगळं चांगलंच. पण त्या चार बायकांमध्ये सगळ्यात लहान चौसष्ट वर्षांची होती, आणि यायांची दोन्ही मुलं अथेन्सला. नातू उन्हाळ्यात येतो, झाडाखाली जातो, फोटो काढतो. मी त्याला नावं ठेवत नाही, मी तरी दुकानात कुठे बसले?

दुपारी दोन ते पाच गाव बंद, पुणेकरांना माहेरी आल्यासारखं वाटेल. पाचनंतर चौकात कॉफी, आणि मला आवडायची ती पाणबुडी. हो, नावच पाणबुडी! मस्तगी घातलेला साखरेचा पांढरा घट्ट पाक चमच्यावर घेतात, चमचा थंडगार पाण्याच्या ग्लासात बुडवून देतात, तो चाटत बसायचं आणि शेवटी पाणी पिऊन टाकायचं. चाळीस डिग्रीच्या उन्हात यासारखं दुसरं काही नाही.

निघायच्या आधी यायांनी विचारलं, तुमच्याकडे लोक याचं करतात काय? मला नक्की सांगता येईना म्हणून तिथूनच काकाला फोन लावला, स्पीकरवर टाकला. काका म्हणाला, पोटासाठी नेतात, हकीम लोक चूर्णात घालतात, कुणी सुगंधासाठी, कुणी नुसतंच दातांसाठी चघळायला. मी तोडकंमोडकं सांगितलं. याया म्हणाल्या, पोटासाठी तर आम्ही पण. मग त्यांनी काकाला थेट फोनमध्येच ओरडून काहीतरी विचारलं, नातवाने सांगितलं, आजी विचारतेय भेसळ तर करत नाही ना? काका पलीकडून मोठ्याने, "नै, नै!"

आता त्यांना काय ऐकू गेलं ते तुम्हीच समजा. निस्तरायला मला अर्धा तास लागला.

तर श्रोतेहो, गावात काष्ठौषधीचं जुनं दुकान असेल तर रूमी मस्तगी मागून बघा, अगदी थोडी घ्या. एक दाणा तोंडात टाकला की आधी कुरकुरीत फुटेल, भुगा होईल, कडवट लागेल, वाटेल फसवलं. थुंकू नका. मिनिटभर दातांखाली सावकाश धरा, तो भुगा आपोआप गोळा होतो, पांढरा मऊ होतो, आणि मग देवदारासारखा गार वास थेट नाकापर्यंत चढतो. तासभर पुरतो तो एक दाणा. गिळायचा मात्र नाही. नमस्कार.