अर्जातली दोन पत्रं, जी तुम्ही लिहीत नाही

(कॅमेऱ्यासमोर. टेबलावर दोन छापील कागद.)

नमस्कार मंडळी.

ऑक्टोबर महिन्यात मला एका सरांचा फोन आला. सांगली जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात ते पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवतायत. म्हणाले, "आमची एक मुलगी अमेरिकेला अर्ज करतेय. मला शिफारसपत्र लिहायला सांगितलंय. लिहिलंय मी, जरा ऐकता का?" आणि त्यांनी फोनवरच वाचून दाखवलं. पाच ओळी होत्या. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, वक्तशीर आहे, आज्ञाधारक आहे, वर्तणूक चांगली आहे, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा.

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. पण हेच पत्र तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीलाही चाललं असतं, आणि मागच्या बाकावरच्या मुलालाही. फक्त नाव बदलायचं.

आज मला या पत्रांबद्दलच बोलायचंय. बारावीनंतर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा ठिकाणी पदवीसाठी अर्ज करणारी आपली मुलं सॅट या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास वर्षभर करतात, निबंधाचे दहा-दहा खर्डे करतात. आणि शिफारसपत्र? ते शेवटच्या आठवड्यात, स्टाफरूमच्या दारात उभं राहून मागतात. माझं अगदी ठाम मत आहे, आपल्याकडच्या चांगल्या मुलांचा अर्ज सगळ्यात जास्त इथेच पडतो.

आधी हे पत्र तिकडे वाचतात कसं, ते बघा. 2024 साली हार्वर्डकडे 54,008 अर्ज आले आणि त्यांनी 1,937 जणांना प्रवेश देऊ केला. म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत. या गर्दीत मार्क चांगले नसलेला शोधावा लागतो. मग निवडणारा माणूस बघतो काय? हे एरवी कधी बाहेर आलं नसतं, पण हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर खटला झाला, 2018 मध्ये बॉस्टनच्या कोर्टात सुनावणी झाली, आणि अर्ज वाचणाऱ्यांना तिथे काय सूचना असतात ते कागद लोकांसमोर आले. त्यातून कळलं की शिक्षकांच्या प्रत्येक पत्राला वेगळा आकडा देतात. 1 म्हणजे सर्वोत्तम, "माझ्या अख्ख्या नोकरीत असा विद्यार्थी पाहिला नाही" या तोडीचं पत्र. आणि एकंदर चांगलंच, पण कोणालाही लागू पडेल असं पत्र असेल तर 3. आपल्या सरांच्या त्या पाच ओळी, सगळं कौतुक असूनही, इथे येऊन बसतात.

दुसरी गोष्ट. बरीच विद्यापीठं कॉमन अ‍ॅप या एकाच ऑनलाइन अर्जावरून अर्ज घेतात. त्यात शिक्षकांना पत्राबरोबर एक तक्ताही भरायला मिळतो. विद्यार्थ्याचं लेखन, स्वतंत्र विचार, वर्गातल्या चर्चेतला भाग, अपयश आल्यावर तो कसा वागतो, प्रामाणिकपणा, दुसऱ्यांबद्दलची काळजी, अशा एकेका गुणापुढे खूण करायची. "सरासरीपेक्षा कमी" पासून थेट "माझ्या कारकिर्दीतल्या मोजक्यांपैकी एक" पर्यंत खाने आहेत. आणि या सगळ्यांच्या आधी आणखी एक खाना असतो. त्याचा अर्थ, "मत द्यायला माझ्याकडे आधार नाही."

हा खाना आपल्याकडच्या किती शिक्षकांना प्रामाणिकपणे भरावा लागेल, याचा विचार करून मला खरंच वाईट वाटतं. कारण आज अकरावी-बारावी सायन्सची कितीतरी मुलं इंटिग्रेटेडला असतात. नाव एका कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये. कॉलेजात जायचं ते प्रॅक्टिकलला आणि हॉल तिकीट घ्यायला. क्लासमध्ये एका बॅचला शंभर-दीडशे मुलं, सर फळ्याकडे तोंड करून प्रॉब्लेम सोडवतायत. दोन वर्षांत एकाही शिक्षकाला तुम्ही प्रश्न विचारलेला नाही, आणि त्यांना तुमचं नाव माहीत आहे ते फक्त टेस्टच्या रँकलिस्टवरून. मग तुमचं लेखन कसं आहे, हरल्यावर तुम्ही काय करता, हे त्यांनी कुठून सांगायचं?

आणि मग व्हायचं तेच होतं. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो."

हे करू नका. मुलांनो, मी हात जोडून सांगतोय. सर वाईट हेतूने म्हणत नाहीत, त्यांच्यावर कामाचा ढीग असतो, इंग्रजीत लिहायचा संकोच असतो, हे मला माहीत आहे. पण ते पत्र तुमचं नाही. शिक्षकांच्या नावाने तुम्ही लिहिलेलं पत्र ही फसवणूक आहे, आणि ती पकडलीही जाते. तुमचा निबंध आणि सरांचं पत्र एकाच अर्जात, एकामागोमाग वाचलं जातं. त्याच शब्दांच्या लकबी, तशीच वाक्यं. रोज असे अर्ज वाचणाऱ्या माणसाच्या ते लक्षात येतं. एजंट जर म्हणाला की सरांच्या नावाने ईमेल काढतो आणि पत्र मी टाकतो, तर त्या ऑफिसातून उठून बाहेर या.

मग करायचं काय? त्या सरांकडे परत येतो.

मी त्यांना फोनवर एकच प्रश्न विचारला. "सर, दहा वर्षांनी ही मुलगी तुम्हाला कशावरून आठवेल?" हा प्रश्न माझ्या डोक्यातला नाही. एमआयटी पत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना जे प्रश्न देतं, त्यात हा आहे, या मुलाचं तुमच्या सगळ्यात जास्त काय लक्षात राहील? सर जरा गप्प बसले. मग म्हणाले, "ते मीटर ब्रिजचं."

झालं असं होतं. बारावीच्या प्रॅक्टिकलला मीटर ब्रिज होता. लाकडी पट्टीवर एक मीटर तार ताणलेली, एका बाजूला माहीत नसलेला रेझिस्टन्स, दुसऱ्या बाजूला रेझिस्टन्स बॉक्स, आणि जॉकी तारेवर टेकवत टेकवत गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावर कुठे येतो ते बघायचं. आता जर्नल आपल्याकडे कशी पूर्ण होतात ते तुम्हालाही माहीत आहे, मागच्या वर्षीच्या मुलांची समोर ठेवून. सगळ्या वर्गाचं उत्तर एकच, 4.9 ओहम. हिचं आलं 5.6. सर म्हणाले, "अगं, चुकलंय, बदल." ती म्हणाली, "सर, तीनदा घेतलं. तीनही वेळा हेच आलं." आणि तिने जर्नलमध्ये 5.6 च लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती परत लॅबमध्ये आली. लॅब असिस्टंटकडून तेच यंत्र मागून घेतलं. एकेक स्क्रू सोडवून बघितला. तांब्याच्या पट्टीवर, स्क्रूच्या खाली, हिरवट थर धरला होता. पॉलिश पेपरने घासून काढला, वायर परत घट्ट केली, आणि रीडिंग घेतलं. 4.9. मग तिने जर्नलमधलं जुनं रीडिंग खोडलं नाही. खाली नवीन लिहिलं आणि फरक का पडला ते दोन ओळींत लिहिलं.

सर मला म्हणाले, "त्यानंतर मी सगळे मीटर ब्रिज घासायला लावले. इतकी वर्षं मुलं माझ्यासमोर खोटं उत्तर लिहीत होती आणि मी बरोबरची खूण करत होतो."

मी म्हटलं, सर, हेच लिहा. हेच, तुम्ही आत्ता सांगितलंत तसंच.

(पहिला कागद बाजूला, दुसरा हातात.)

पहिल्या पत्रात होतं, "वक्तशीर आणि आज्ञाधारक." आणि ही मुलगी तर त्या दिवशी आज्ञाधारक नव्हती! सरांनी बदल म्हटलं, तिने बदललं नाही. तिची सगळी किंमत त्या न बदलण्यात होती. आपल्याकडे चांगल्या मुलाचं वर्णन करायचे जे ठरलेले शब्द आहेत, ते तिकडे उपयोगाचे नाहीत. शांत, आज्ञाधारक, कधी तक्रार नाही. वाचणाऱ्याला यातून माणूस दिसत नाही. हिरवा थर घासणारी मुलगी दिसते.

आता तुमच्या बाजूने. सरांना आपोआप आठवेल असं धरून चालू नका. वर्गात ऐंशी मुलं असतात. सर हो म्हणाले की त्यांना एक पान लिहून द्या. त्यात मेडल, सर्टिफिकेटं नकोत, ती अर्जात येतातच. त्यांच्याच वर्गातल्या तीन-चार गोष्टी आठवून लिहा. कुठला धडा समजत नव्हता आणि कसा समजला. कधी तुमचं चुकलं होतं. वर्गाबाहेर तुम्ही काय विचारायला गेला होतात. "सर, तुम्हाला आठवतंय का" अशी सुरुवात केली तरी चालेल. या पानावरून पत्र त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहायचं. आठवण करून देणं आणि पत्र लिहून देणं यात फरक आहे, तो पाळा.

आणि आठवायला काहीच नसेल तर? अकरावीत असाल तर अजून वेळ आहे. इंटिग्रेटेडला असलात तरी आठवड्यातून एकदा डाउट घेऊन एका शिक्षकासमोर जाऊन बसा. पत्रासाठी नाटक म्हणून नको, खरोखर अडलेलं घेऊन जा.

कोणाकडून घ्यायचं? एमआयटीला एक पत्र गणित किंवा सायन्सच्या शिक्षकाचं लागतं आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या विषयाचं. इथे मुलं घाबरतात. अरे, मराठीच्या बाई आहेत ना! वीस वर्षं निबंध तपासणाऱ्या बाईंइतकं तुमच्या डोक्यात काय चालतं ते कोणाला कळणार? त्यांना इंग्रजी जड जात असेल तर त्यांनी मराठीत लिहावं. कॉलेजातल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडून भाषांतर करून घ्यावं, आणि दोन्ही एकत्र जोडावं. भाषांतर तुम्ही करू नका, तुमच्या बाबांनीही नको. मराठीत मनापासून लिहिलेलं पत्र मला उसन्या इंग्रजीतल्या पाच ओळींपेक्षा शंभर पटीने मोलाचं वाटतं.

वेळेचं बघा. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर. म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे. सहामाही परीक्षेचे पेपर तपासायचे असतात, मग सुट्टी, सर गावाला. म्हणून गणपतीच्या आधी विचारा, नवरात्रात एकदा हळूच आठवण करा. नेहमीच्या फेरीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते, तिलाही हाच हिशेब.

कॉमन अ‍ॅपमध्ये एक प्रश्न येतो, की ही पत्रं नंतर बघण्याचा हक्क तुम्ही सोडता का. 1974 च्या एका अमेरिकी कायद्याने तो हक्क विद्यार्थ्याला दिलाय. तो सोडा. तुम्ही बघणार नाही हे माहीत असलं की पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास जास्त बसतो. अर्जात सरांचा ईमेल देताना कॉलेजचा असेल तर तोच द्या.

तिसरा एक कागद असतो, समुपदेशकाचा. आपल्या कॉलेजांत समुपदेशक नसतोच, म्हणून तो प्राचार्य किंवा उपप्राचार्य भरतात. त्याच्याबरोबर कॉलेजची ओळख करून देणारं पान जोडतात, आणि तिथे फार मोठी संधी वाया जाते. तुमचं कॉलेज तालुक्याला आहे, मुलं एसटीने येतात, बोर्डाच्या परीक्षेत तिथे किती जणांना 90 टक्क्यांच्या वर मिळतात, हे वाचणाऱ्याला कळलं तरच तुमच्या 88 टक्क्यांचा अर्थ लागतो. कॉलेजच्या ऑफिसात बसून हे आकडे खरे, रेकॉर्डवरून, एका पानावर मांडायला मदत करा. प्राचार्यांना विनंती केली तर ते नाही म्हणत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

मार्कांचं एवढंच सांगतो. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि अर्ज त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो. म्हणजे वाचणाऱ्यासमोर असतात नववी, दहावी आणि अकरावीचे मार्क. आपण अकरावीला आरामाचं वर्ष म्हणतो, ते इथे फार महागात पडतं. पैशाची भीती असेल, तर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही परदेशी विद्यार्थ्याचीसुद्धा ऐपत न बघता निवड करतात आणि निवड झाल्यावर गरजेइतकी पूर्ण मदत देतात. त्यावर वेगळा व्हिडिओ करायला हवा, करेन.

त्या मुलीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. सगळ्यात वरच्या दोन ठिकाणांहून नकार आला. एका छोट्या कॉलेजात पूर्ण मदतीसह प्रवेश मिळाला. पत्रामुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही, ते बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. सर मात्र मला सांगत होते, पत्र पाठवून पाच महिने झाले तरी रोज वाटायचं, तिचं काय झालं असेल? विचारावं तर तिच्यावर दडपण येईल.

एमआयटीचा नेहमीच्या फेरीचा निकाल 14 मार्चला येतो. त्या वेळी तुमचा बोर्डाचा शेवटचा पेपर तरी राहिलेला असेल, नाहीतर नुकताच संपला असेल. निकाल काहीही लागो, होकार असो की नकार, त्याच आठवड्यात सरांना आणि बाईंना फोन करून सांगा. ती मुलगी स्वतः गेली होती, लॅबमध्ये, सर तिथेच होते.