एका ट्रॉलीची नोंद

[दृश्य : लासलगाव बाजार समितीचे आवार, सकाळ. ट्रॉल्यांच्या रांगा.]

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, लासलगावच्या बाजार समितीत, एप्रिल महिन्यात सकाळपासून उन्हाळ कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या एकामागे एक रांगेत लागतात. लिलाव पुकारणारा पुढे चालतो आणि व्यापारी त्याच्याबरोबर एका ट्रॉलीपासून दुसरीपर्यंत सरकत राहतात. कुणी ढिगातला कांदा उचलून तळहातावर फिरवतो, कुणी त्याची पत्ती चोळून पाहतो, आणि क्विंटलमागे रुपयांची बोली चढत जाते. बोली थांबली की पावती फाडली जाते आणि शेतकरी ती खिशात ठेवतो. वर्षभराच्या कष्टाचा लेखी पुरावा म्हणून त्याच्याकडे त्या क्षणी एवढाच कागद असतो.

[दृश्य : गटाची खोली. लाल कापडी बांधणीची वही उघडते.]

जवळच्या एका गावात काही शेतकऱ्यांनी मिळून एक गट चालवला आहे आणि अशा पावत्यांची नोंद ठेवणारी ही त्यांची वही आहे. प्रत्येक विक्री एका आडव्या ओळीत लिहिली जाते : तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक, बँक खाते, व्यापाऱ्याचे नाव, वजन, भाव आणि रक्कम. अक्षर सुरेख आहे आणि लिहिणाऱ्याने कुठेही कुचराई केलेली नाही. तरीही पान सावकाश पाहिले, तर एकाच शेतकऱ्याचे नाव, गाव आणि खाते चौदा ओळींत चौदा वेळा लिहिलेले दिसते, आणि त्यातील काही ओळींत गाव ‘विंचूर’ आहे, तर काहींत ‘विंचुर’. वाचणाऱ्या माणसाला हे एकच गाव आहे. संगणकाला ती दोन गावे वाटतात. मध्यंतरी या शेतकऱ्याने बँक बदलली. नवे खाते पुढच्या ओळींत आले, जुने मागच्या ओळींत तसेच राहिले, आणि आता त्याचे पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे, या साध्या प्रश्नाला ही वही दोन उत्तरे देते.

[दृश्य : वहीच्या आडव्या-उभ्या रेघा, अगदी जवळून.]

हा प्रश्न जगभरातील मोठमोठ्या संस्थांनाही पडला होता. त्यावरचा पायाभूत विचार मांडला एडगर एफ. कॉड यांनी. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले कॉड ऑक्सफर्डमध्ये गणित शिकले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते आणि पुढे अमेरिकेत आयबीएम या संगणक कंपनीत संशोधन करू लागले. त्या काळी संगणकातील माहिती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींच्या साखळीसारखी साठवलेली असे. हवी ती नोंद मिळवायची, तर ती कोणत्या वाटेने सापडेल, हे संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागे, आणि साठवण्याची रचना बदलली की त्याचे लिखाण निकामी होई. जून १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात कॉड म्हणतात की, माहितीच्या मोठ्या साठ्यांचा वापर करणाऱ्यांवर ती यंत्रात कशी रचली आहे, हे जाणून घेण्याची वेळ येऊ नये. त्यांनी सुचवलेला मार्ग गणितातील ‘संबंध’ या संकल्पनेवर उभा होता : सर्व माहिती तक्त्यांत ठेवावी, आणि दोन तक्त्यांमधील नाते केवळ त्यांत लिहिलेल्या मूल्यांवरून कळावे. ओळी वरखाली झाल्या तरी अर्थ बदलू नये. तक्त्यातील ओळ ओळखून देणारी ‘प्रायमरी की’ आणि दुसऱ्या तक्त्यातील ओळीकडे नेणारी ‘फॉरेन की’ हे दोन्ही शब्द त्याच निबंधात आहेत. १९८१ मध्ये कॉड यांना संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

[दृश्य : फरशीवर मांडलेले तीन रंगांचे कागद. गटाचे हिशेब पाहणारी तरुणी त्यांवर लिहीत आहे.]

गटाचे हिशेब पाहणारी ही तरुणी संगणक सुरू करण्याआधी कागद घेऊन बसली, आणि आमच्या मते तिने योग्य तेच केले. तिने त्या रुंद वहीचे तीन तक्ते केले : शेतकरी, व्यापारी आणि विक्री. प्रत्येक तक्ता एकाच प्रकारच्या गोष्टीबद्दल बोलतो. त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे तशी एक गोष्ट आणि प्रत्येक रकाना म्हणजे तिच्याबद्दलचे एक विधान. शेतकऱ्याचे बँक खाते आता एकाच ठिकाणी लिहिलेले आहे आणि ते बदलले, तर एकच जागा खोडावी लागते.

यानंतर तिचा सर्वाधिक वेळ गेला, तो प्रत्येक ओळ कशावरून ओळखायची, हे ठरवण्यात. नाव पुरेसे नव्हते, कारण या गावात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखे असलेले दोन शेतकरी आहेत. मोबाइल क्रमांक बदलतो, आणि पुष्कळ घरांत बाप-लेकांत मिळून एकच फोन असतो. आधार क्रमांक वेगवेगळा असतो, हे खरे. परंतु तो वापरला, तर एखाद्याची इतकी खासगी ओळख विक्रीच्या प्रत्येक ओळीत उमटत राहिली असती, आणि तसे न करण्याचा तिचा निर्णय आम्हाला मनापासून पटला. शेवटी तिने गटाकडूनच प्रत्येक शेतकऱ्याला एक साधा क्रमांक दिला. हा क्रमांक कधी रिकामा राहत नाही, दोघांना एकच दिला जात नाही, आणि शेतकरी गट सोडून गेला, तरी दुसऱ्या कुणाला मिळत नाही. हीच त्या तक्त्याची प्रायमरी की.

[दृश्य : सातबारा उतारा. मग नाशिकचे रामकुंड, तीर्थोपाध्यायांच्या ओसरीवर उलगडणारी जुनी बाडे.]

ओळख नेहमी एकाच रकान्यातून होते, असे नाही. सातबाऱ्यावरील गट क्रमांक एकटा काहीच सांगत नाही, कारण तोच क्रमांक शेजारच्या गावातही असतो. जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक एकत्र आले, की मगच जमिनीचा तो नेमका तुकडा समोर येतो. अनेक रकान्यांनी मिळून बनणाऱ्या अशा ओळखीला कॉम्पोझिट की म्हणतात. नाशिकला ही पद्धत नवी नाही. रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूला तीर्थोपाध्याय आडनाव आणि मूळ गाव विचारतात, आणि त्या दोन शब्दांवरून नेमके बाड काढून त्याच्या आजोबा-पणजोबांची नावे त्याला वाचून दाखवतात. यंत्राशिवाय इतक्या पिढ्या सांभाळलेली ही शिस्त पाहताना आमचा कॅमेरा तिथे ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ रेंगाळला.

[दृश्य : विक्रीचा तक्ता. एका रकान्यावर बोट.]

आता विक्रीच्या तक्त्यात शेतकऱ्याचे नाव नाही, त्याचा क्रमांक आहे. आणि तो क्रमांक शेतकरी तक्त्यात असलाच पाहिजे, असे बंधन आहे. दुसऱ्या तक्त्याच्या ओळखीकडे नेणाऱ्या या रकान्याला फॉरेन की म्हणतात. नोंद नसलेल्या शेतकऱ्याच्या नावे विक्री लिहू पाहिली, तर संगणक ती स्वीकारत नाही, आणि ज्याच्या विक्रीच्या ओळी शिल्लक आहेत, अशा शेतकऱ्याची नोंद पुसूही देत नाही. वहीत ही जबाबदारी लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर होती. एका शेतकऱ्याच्या अनेक विक्री असू शकतात, पण एका विक्रीचा शेतकरी एकच, असे तिने गृहीत धरले होते. मात्र दोन भावांचा माल एकाच ट्रॉलीत आला आणि तिला चौथा कागद घ्यावा लागला. ‘वाटा’ या नव्या तक्त्याच्या प्रत्येक ओळीत एक विक्री क्रमांक, एक शेतकरी क्रमांक आणि त्याच्या वाट्याचे वजन आहे, आणि त्या दोन क्रमांकांची जोडी हीच तिथली की आहे. विक्रीच्या तक्त्यातील शेतकऱ्याचा रकाना मग काढून टाकण्यात आला.

[दृश्य : कार्यालयाबाहेर कागद घेऊन उभे असलेले शेतकरी.]

२०२३ मध्ये राज्य शासनाने कांद्यासाठी क्विंटलमागे ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले, तेव्हा विक्रीची पावती, सातबाऱ्यावरील पीक नोंद आणि बँक खाते या तीन वेगवेगळ्या नोंदी एकाच माणसापाशी जुळाव्या लागल्या.

[दृश्य : भुईकाटा. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते.]

लिलाव झालेल्या ट्रॉलीचे भरलेले वजन आता नोंदवले गेले आहे. रिकाम्या ट्रॉलीच्या वजनाचा रकाना मात्र मोकळा आहे, आणि या तरुणीने तिथे शून्य लिहिलेले नाही. शून्य लिहिले असते, तर ट्रॉलीला वजनच नाही, असा त्याचा अर्थ झाला असता आणि लोखंडाचाही कांद्याच्या भावाने हिशेब झाला असता. मूल्य अजून माहीत नाही, हे सांगणारी ही मोकळी जागा संगणकाच्या भाषेत ‘नल’ म्हणून ओळखली जाते.

[दृश्य : व्यापाऱ्याचे खळे. फाळका उघडतो, कांदा ओतला जातो. ट्रॉली परत काट्याकडे.]

खळ्यावर माल उतरतो. ट्रॉली पुन्हा काट्यावर येते, आकडा स्थिरावतो, आणि तो रकाना भरला जातो.