मधली जागा एकच

(जुनी कृष्णधवल फिल्म. बचावाची रांग मातीत वाकून बसलेली.)

१९५४. अमेरिकन फुटबॉलचा सामना, शिकागो बेअर्स विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स. बेअर्सच्या पुढच्या रांगेत मधोमध बिल जॉर्ज बसलाय. त्याचं काम ठरलेलं आहे. चेंडू सुटला की समोरच्या सेंटरला, म्हणजे चेंडू मागे सोडणाऱ्या गड्याला, धडक द्यायची आणि मग मागे सरायचं. पण ईगल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा सूत्रधार, पुन्हा पुन्हा नेमका त्याच्या डोक्यावरून छोटा पास टाकतोय. शेवटी जॉर्ज धडक देण्याचं सोडतो आणि सरळ दोन पावलं मागे जाऊन उभा राहतो. पुढचा पास येऊन त्याच्या पोटावर आदळतो. त्यानंतरचा पास जॉर्ज पकडतो.

मिडल लाईनबॅकर ही जागा त्या दोन पावलांतून जन्मली, असं फुटबॉलचे जाणकार सांगतात. श्रेयाचे दावेदार आणखीही आहेत, पण बहुतेकांचं बोट जॉर्जकडेच जातं.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल फारसा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. बचावात पुढे चार धिप्पाड गडी, त्यांच्यामागे तीन लाईनबॅकर, सगळ्यात मागे चौघे. चेंडू घेऊन घुसणाऱ्याला लोळवायचं, पास तोडायचा, संधी मिळाली तर थेट क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं, हे सगळं लाईनबॅकरच्या वाट्याला येतं. कबड्डीत एकाने पकड घातली की बाकीचे त्याच्या भरवशावर झेपावतात. मधला लाईनबॅकर म्हणजे तो भरवसा.

आता बेअर्सचा सर्वकालीन संघ निवडायचा. तीन लाईनबॅकर, आणि नियम एकच: जो जिथे खेळला, तिथेच त्याला उभं करायचं. हा नियम पाळताना जीव तुटतो. जॉर्ज, डिक बटकस, माइक सिंगलटेरी, ब्रायन अर्लाकर. चौघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, चौघेही मधले. आणि जागा एक.

(अर्लाकर, ५४ क्रमांकाची जर्सी.)

अर्लाकर कॉलेजात सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागच्या चौघांपैकी एक, होता, त्यामुळे एवढ्या मोठ्या देहाला मागच्या फळीतल्या खेळाडूचा वेग होता. २००५मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. दुसऱ्या कुठल्याही संघात ही जागा त्यालाच मिळाली असती.

(सिंगलटेरी. कॅमेरा हेल्मेटच्या जाळीवर थांबतो.)

हे डोळे बघा. चेंडू अजून सुटलेला नाही. सिंगलटेरी गुडघ्यांत वाकलाय आणि जाळीमागे दोन डोळे टक्क उघडे आहेत. समोरचा कुठल्या पायावर भार टाकतोय, कोण कुठे चोरून बघतोय, सगळं टिपून घेताहेत. १९८५च्या हंगामात हा बचाव भिंतीसारखा उभा होता. बाद फेरीत जायंट्सवर २१-०, रॅम्सवर २४-०, मग सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, पेट्रियट्सवर ४६-१०. त्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचे दोन सुटलेले चेंडू सिंगलटेरीनेच ताब्यात घेतले. दोनदा सर्वोत्तम बचावपटू, दहा वेळा प्रो बोल, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. त्याला बाहेर बसवताना हात थरथरतो.

तरीही मी बटकसला निवडतो, आणि कारण सांगतो.

सिंगलटेरीच्या पुढे, बचावाच्या पहिल्या रांगेत, डेंट, हॅम्प्टन, मॅकमायकेल असे तगडे गडी होते. बटकसच्या संघाने १९६९मध्ये चौदा सामन्यांत एक जिंकला. नऊ हंगामांत त्याला बाद फेरीचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटालाही तो पहिल्या मिनिटाच्या त्वेषाने अंगावर जायचा. २२ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचे पकडलेले पास), आठ प्रो बोल, आणि हे सगळं गुडघे झिजत असताना. शिकागोच्या दक्षिण भागातल्या लिथुएनियन कुटुंबातला हा मुलगा १९६५मध्ये सराव शिबिरात उतरला, तेव्हा त्याला पाहताक्षणीच आपले दिवस संपले हे कळलं, असं खुद्द बिल जॉर्जने पुढे सांगितलं.

(१९७१, वॉशिंग्टनविरुद्ध. शक्यतो हे दृश्य आवाजाविना.)

१५-१५ अशी बरोबरी. बेअर्सना टचडाऊननंतरच्या जादा गुणाची किक घ्यायची, पण चेंडू धरणाऱ्या बॉबी डग्लसच्या हातून तो निसटून मागे गेलाय. डग्लस धावत जाऊन तो उचलतो आणि घाबऱ्याघुबऱ्या पुढे भिरकावतो. गोलरेषेपलीकडे उडी मारून तो झेलतो कोण? किकरला आडोसा द्यायला उभा असलेला बटकस. बेअर्स १६, वॉशिंग्टन १५.

मधला ठरला. आता दोन बाजू.

विल्बर मार्शलचं नाव ओठांवर येतंच. जानेवारी १९८६, रॅम्सविरुद्ध, बर्फ भुरभुरू लागलंय आणि मार्शल सुटलेला चेंडू उचलून ५२ यार्ड धावतोय. इतकं देखणं दृश्य बेअर्सच्या इतिहासात कमीच असेल. पण शिकागोत तो चारच हंगाम होता. सर्वकालीन संघात मला मुक्काम ठोकलेली माणसं हवीत. म्हणून लान्स ब्रिग्ज: बारा हंगाम, सलग सात प्रो बोल, आणि बहुतेक काळ अर्लाकरच्या सावलीत.

दुसरा जो फॉर्च्युनाटो. हे नाव शिकागोतही आज फार कमी जण घेतात. १९५५ ते १९६६, पाच प्रो बोल. १९६३च्या विजेत्या बेअर्सने चौदा सामन्यांत फक्त १४४ गुण दिले, लीगमध्ये सर्वांत कमी. त्या बचावाचे इशारे द्यायचा तो हाच. अंतिम सामना रिग्ली फील्डवर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, १४-१०ने जिंकला. २०१७मध्ये फॉर्च्युनाटो गेला, तोवर हॉल ऑफ फेमचं दार त्याच्यासाठी उघडलं नव्हतं. बटकसच्या पहिल्या दोन हंगामांत तो त्याच्या सोबतच खेळत होता. तेव्हा ही जोडी मी जुळवलेली नाही, ती होतीच.

(३१ ऑक्टोबर १९९४, सोल्जर फील्ड. रात्र. झोडपणारा पाऊस.)

मध्यंतर आहे. बेअर्सचा धावपटू गेल सेयर्सची ४० आणि बटकसची ५१, दोन्ही जर्सी आज कायमच्या निवृत्त होताहेत. वारा छत्र्या उलट्या करतोय. बटकस पावसात उभा आहे.