न आलेले पेशंट

(बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका सभागृहात नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि त्यांच्या घरच्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, येताना सेव-उसळीच्या गाडीपाशी थांबलेली निदान चार तोंडं मला समोर दिसतायत. घाबरू नका, पथ्य सांगायला आले नाही. वजन उतरवण्याच्या ऑपरेशनवर, म्हणजे बेरिॲट्रिक सर्जरीवर, जे संशोधन छापून येतं ते आपण नर्सेसनी कसं वाचायचं, एवढंच बोलायचंय.

‘वाचायचं डॉक्टरांनी, आपण सलाईन लावावं,’ असं म्हणणाऱ्या सिस्टर मी खूप पाहिल्या. पण राऊंड संपतो, सर्जन घरी जातात, आणि रात्री दहाला पेशंटची बायको आपल्यालाच कोपऱ्यात गाठते: ‘सिस्टर, खरं सांगा, करून घ्यावं का?’ तेव्हा काय सांगणार?

स्वीडनमध्ये 1987 साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. 2010 लठ्ठ माणसांनी ऑपरेशन करून घेतलं, 2037 जणांवर नेहमीचे उपचार झाले. (2010 ही माणसं आहेत, साल नव्हे. एका मुलीने परीक्षेत घोळ घातला होता.) 2007 साली मृत्यूंचा हिशेब छापला, तोवर सरासरी जवळजवळ 11 वर्षं झाली होती. ऑपरेशन न झालेल्यांत 129 गेले, झालेल्यांत 101. वय, आधीचे आजार वगैरे जमेस धरले तर मृत्यूचा धोका 29 टक्क्यांनी कमी. माहितीपत्रकात हाच आकडा ठळक छापतात. मी मुलींना फळ्यावर साधा भागाकार करायला लावते. 129 भागिले 2037, म्हणजे 6.3 टक्के. 101 भागिले 2010, म्हणजे 5 टक्के. शंभरामागे सव्वा माणसाचा फरक. दोन्ही आकडे खरेच आहेत. पण पहिला ऐकून माणूस लगेच तारीख मागतो. दुसरा ऐकून जरा टेकतो, पाणी पितो, घरी विचारतो.

शिवाय इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. त्या काळी अशा ऑपरेशनांत दगावणाऱ्यांचं प्रमाण एवढं होतं की चिठ्ठ्या टाकायला नीतिसमित्यांनी नकार दिला. ज्यांना हवं होतं त्यांनी करून घेतलं. संशोधकांनी वय-वजन बघून तोडीस तोड माणसं दुसऱ्या गटात घेतली, पण ऑपरेशनला स्वतःहून तयार होणारा माणूस आणि न होणारा माणूस यांत वजनकाट्यावर न दिसणारं बरंच काही असतं. आणखी एक गोष्ट बारीक अक्षरात सापडते: त्यातली बहुतेक ऑपरेशनं जठराला टाके घालून पट्टा बसवण्याची होती. ती पद्धत आता मागे पडली. आज स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करणं) आणि बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं) चालतात. तो अभ्यास दाखवून आजच्या स्लीव्हची हमी देणं म्हणजे जुन्या स्कूटरचं ॲव्हरेज सांगून मोटार विकणं.

चिठ्ठ्या टाकलेले प्रयोगही आहेत. अमेरिकेत क्लीव्हलँडला मधुमेहाच्या 150 पेशंटचे तीन गट केले. त्यांचे पाच वर्षांनंतरचे निकाल 2017 साली आले. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 6 किंवा त्याखाली किती जणांचा आला? नुसत्या औषधांवर असलेल्यांत 5 टक्के, स्लीव्हमध्ये 23, बायपासमध्ये 29. पुरावा दणकट आहे, मी तो नाकारत नाही. फक्त उलट बाजूनेही वाचा: बायपास होऊनही शंभरातले एकाहत्तर त्या रेषेच्या वरच राहिले. ‘शुगर कायमची जाईल’ असं आपल्या तोंडून जाऊ नये.

आता माझा खरा जीव ज्यात आहे ते. समजा, 50 जणांचं ऑपरेशन झालं. वर्षाने फॉलोअपला 30 आले, त्यातले 27 म्हणाले, आम्ही समाधानी. लेखात येतं, ‘90 टक्के समाधानी’. 50 मधले 27 धरले तर 54 टक्केच होतात. उरलेले 20 कुठे गेले? पेपर हातात आला की मी निष्कर्ष नंतर वाचते. आधी शोधते किती जण निघाले आणि किती पोचले. पंढरीच्या वाटेवर दिंडीतली माणसं मोजतात ना, तसं.

प्रश्नावल्यांचंही एक गाऱ्हाणं आहे. बाहेरून आणलेला फॉर्म विचारतो, ब्रेडच्या स्लाइस किती खाता. आपली बाई खिचडी-कढी जेवते, सणाला श्रीखंड. ती ‘शून्य’ लिहिते आणि आपण तिला पथ्य पाळणारी ठरवतो. बायपासनंतर लग्नात वाटीभर बासुंदी प्यायली की घाम, धडधड, चक्कर येते, त्याला डम्पिंग म्हणतात. पण फॉर्मात बासुंदीला रकानाच नाही. म्हणून चार पेशंटशी तासभर बसून केलेल्या नर्सिंगच्या अभ्यासाला मी खालच्या पायरीवर बसवत नाही. ‘किती जणांना’ हे त्यातून कळणार नाही, ‘काय होतं’ ते मात्र तिथेच कळतं.

एकदा मी फॉलोअपच्या वहीतल्या गैरहजर नावांना फोन लावत होते. माझी खात्री होती की वजन परत वाढलं म्हणून लाजून येत नसणार. एक बाई म्हणाल्या, ‘अहो सिस्टर, वजन तर झक्क उतरलंय, मग कशाला यायचं?’ मी त्यांना बोलावून घेतलं. काट्यावर उभ्या राहिल्या, आकडा बघण्यासारखा होता. कुठल्याही तक्त्यात ‘यशस्वी’ म्हणून बसल्या असत्या. व्हिटॅमिनच्या गोळ्या त्यांनी सहाव्या महिन्यातच थांबवल्या होत्या, टॉनिक समजून. शाकाहारी घर, त्यात असं ऑपरेशन, म्हणजे नसा शाबूत ठेवणारं बी-बारा कुठून येणार?

निघताना दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, ‘एक विचारू का? हल्ली चालता चालता चप्पल पायातून निघून जाते आणि मला कळतच नाही. मागून कोणीतरी हाक मारून सांगतं.’

मी वही पुन्हा उघडली. वजनाचा रकाना होता, बीएमआयचा होता, बीपीचा होता. चपलेचं मी समासात लिहिलं आणि त्यांना खुर्चीवर परत बसवलं.