पासपोर्ट बदलला तरी ग्रीन कार्डची रांग का बदलत नाही?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आज त्यावरच बोलते. म्हापशाच्या एका दादांनी लिहिलंय, "माझ्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे, मग अमेरिकेत ग्रीन कार्ड लवकर मिळेल ना?" टोरांटोच्या एक ताई म्हणतात, "आम्ही आता कॅनडाचे नागरिक, मग आम्हाला भारताची रांग कशी?" दोघांनाही उत्तर एकच. ग्रीन कार्डची, म्हणजे अमेरिकेत कायम राहायच्या परवान्याची, रांग पासपोर्टवरून लागत नाही, जन्म कुठल्या देशात झाला त्यावरून लागते.

आकडे पटकन सांगते, बऱ्याच जणांना पाठच असतील. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000. हा आकडा 1990 च्या कायद्यातला, आजही तोच. एका देशात जन्मलेल्यांना त्यातली जास्तीत जास्त 7 टक्के, म्हणजे 9,800. नवरा, बायको, मुलं सगळी त्यातच मोजायची, चौघांचं कुटुंब असेल तर चार नंबर गेले. इतर देशांकडून नंबर उरले तर ज्यांच्या अर्जाची तारीख जुनी त्यांना मिळतात, म्हणून एखाद्या वर्षी भारताला जास्तही मिळून जातात. पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता जन्मस्थानाचं नीट ऐका, कारण इथेच सगळे अडकतात.

टोरांटोच्या ताई, तुमचा जन्म पुण्याचा. कॅनडाच्या पासपोर्टवर टीएन स्टेटस, म्हणजे नोकरीचा तात्पुरता परवाना, मिळतं, तुम्ही आरामात अमेरिकेत नोकरी करू शकता. पण ग्रीन कार्डचा अर्ज टाकला की त्यावर जन्मदेश भारत, आणि रांगही भारताची.

म्हापशाचे दादा, तुम्ही लिस्बनला जन्माची नोंद करून घेतलीत, त्यावर पासपोर्ट मिळाला. नोंद लिस्बनला झाली, जन्म म्हापशातच झाला ना? मग भारताचीच रांग. गोव्यातले कितीतरी जण याच आशेवर बसलेत, म्हणून परत सांगते: नोंदणीने जन्मस्थान बदलत नाही.

आणि आता उलट बाजू. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा सांगलीचा. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन वर्षानुवर्षं दर महिन्याला उघडायचा, भारताचा रकाना बघायचा आणि बंद करायचा. मैत्रीण मात्र जन्मली मस्कतला, वडील तिथे नोकरीला होते म्हणून. कायद्याप्रमाणे जोडीदाराचा जन्मदेश धरता येतो! नवरा ओमानच्या खात्यात गेला आणि त्याची रांगच संपली. वकिलाने इतकी वर्षं बायकोचा जन्म कुठला, हे विचारलंच नव्हतं. तेव्हा आखातात, नैरोबीत, लंडनमध्ये जन्मलेला जोडीदार असेल तर जन्मदाखला आजच शोधा. मुलाच्या जन्मस्थानाचा मात्र आई-वडिलांना असा उपयोग होत नाही, तेही विचारू नका.

तर मग हे न्याय्य आहे का? 1965 च्या आधी अमेरिकेत देशागणिक वेगवेगळे कोटे होते, उत्तर युरोपाला झुकतं माप देणारे. ते काढून सगळ्या देशांना एकच मर्यादा लावली. तो हेतू चांगला होता, मी तो मानते. पण नोकरीच्या रांगेत परीक्षा माणसाच्या शिक्षणाची आणि कामाची असते. एकाच ऑफिसात, एकाच पदावर दोघी इंजिनिअर, एक ढाक्याची, एक कोल्हापूरची. 2025 च्या शेवटी ईबी-2 मध्ये, म्हणजे उच्च पदवीवाल्यांच्या गटात, भारताची तारीख 2013 सालात होती, म्हणजे तेव्हाच्या अर्जांचा नंबर लागत होता, आणि ढाक्याचीला लागू होणारी तारीख दोनेक वर्षांपूर्वीची. आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, आपली 140 कोटींच्या वर, कमाल मर्यादा दोघांना सारखीच. याला समानता म्हणायला माझं मन तयार नाही.

त्यात एच-1बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाला देशाची मर्यादाच नाही. मंजूर होणाऱ्या अर्जांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास भारतीयांचे. म्हणजे कामावर घेताना जन्म विचारत नाहीत, कायमचं राहू द्यायची वेळ आली की विचारतात. मग आय-140, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होतो, एच-1बीला तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळत राहते, आणि पद बदलायचं तर लेबर सर्टिफिकेशन, म्हणजे या जागेला अमेरिकेत माणूस मिळत नाही असा कामगार खात्याचा दाखला, पुन्हा करावं लागेल का, या धाकाने माणूस चांगली बढती नाकारतो.

पण कमेंटमध्ये कोणी "बाकीचे देश आपल्या जागा खातात" असं लिहिलं की मला राग येतो. त्यांनी काय केलंय? 1,40,000 चा आकडा तसाच ठेवून मर्यादा एका रात्रीत उठवली, तर बरीच वर्षं बहुतेक नंबर भारत आणि चीनकडे जातील आणि नायजेरियाची नर्स, ब्राझीलचा संशोधक ताटकळत बसेल. त्यांचा आक्षेप खरा आहे. म्हणून माझं म्हणणं आहे, मर्यादा टप्प्याटप्प्याने काढा आणि त्याच वेळी बायको-मुलांना मोजणीतून वगळा. एकाचा अन्याय उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला नको.

"कायदा कधी होणार?" जुलै 2019 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ही देशागणिक मर्यादा काढायचं विधेयक 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झालं होतं. डिसेंबर 2020 मध्ये सिनेटनेही मंजूर केलं, पण वेगळ्या मसुद्यात. दोन्हींचा मेळ बसला नाही, त्या संसदेची मुदत संपली. 2022 च्या डिसेंबरमध्ये पुन्हा आलेलं ईगल विधेयक मतदानाआधीच मागे घेतलं गेलं. तेव्हा "पुढच्या महिन्यात होतंय" असे फॉरवर्ड कृपा करून पाठवू नका, लोक त्यावर घर घ्यायचे निर्णय घेतात.

आणि मुलं. आमच्या मंडळाच्या ढोल पथकातली एक मुलगी, चार वर्षांची असताना न्यू जर्सीत आली. एकवीस वर्षं पूर्ण झाली आणि ती आई-बाबांच्या अर्जातून बाहेर पडली. आय-140 प्रलंबित असतो तेवढे दिवस वयातून वजा होतात, पण ते काही महिने, आणि रांग दशकाहून मोठी. आता ती एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर शिकते, जिथे बालवाडीपासून शिकली त्याच गावात परदेशी विद्यार्थिनी म्हणून. धाकटा भाऊ तिथेच जन्मला, तो अमेरिकन नागरिक. आई-बाबांचा अर्ज दाखल झाला त्या दिवशी मुलाचं वय गोठवा. बाकी सगळ्या सुधारणांच्या आधी मला ही एक हवी आहे.